विकासासाठी पक्ष बदलणाऱ्यांना सांगोल्याचा जबाब



आमदार पक्ष बदलतो तेव्हा तुम्हांला काय सांगतो? ‘मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो.’ सरकारपक्षात नसले तर खाजनाचा बांध दुरुस्त होत नाही, जेटी होत नाही, मुलाला नोकरी लागत नाही, असे तो म्हणतो. हे इतक्या वेळा कानांवर आले आहे की तुम्हांआम्हांलाही ते खरे वाटू लागले आहे. पण ते खरे नाही. त्याचा पुरावा शेजारच्या महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात आहे.

गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम विधानसभेत गेले. त्यानंतर २०१४ पर्यंत ते तिथूनच एकूण अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ एक, पक्षही एक. मंत्रिपद मिळाले ते दोनदाच, १९७८ साली आणि १९९९ साली, आणि दोन्ही वेळा थोड्याच काळासाठी. बाकी जवळजवळ सारी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले, तेव्हा त्यांना ओळखत नसलेल्या लोकांनाही एक गोष्ट ठाऊक होती : हा आमदार एसटीने फिरत असे.

या माणसाला मोह पडण्याजोगे काही घडलेच नसेल, असे समजू नका. यशवंतराव चव्हाणांच्या काळात शेकापचे कितीतरी मोठे नेते काँग्रेसमध्ये गेले. पक्ष ओसरत गेला, पण देशमुख राहिले. १९७२ साली ते पडले. १९९५ साली पुन्हा पडले, आणि तेही अवघ्या १९२ मतांनी. एवढ्याशा पराभवानंतर आमच्याकडचा पुढारी दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारात उभा राहिला असता, ते तुम्हीच मनाशी सांगा. देशमुख १९९९ साली त्याच पक्षातर्फे, त्याच मतदारांपुढे गेले आणि निवडून आले.

आता विकासाचे पाहू. सांगोला तालुका पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. कृष्णेचे पाणी उचलून या कोरड्या पट्ट्याला द्या, ही मागणी घेऊन १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतराव त्यांत पुढे होते. तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी या लढ्यात एकत्र आला. टेंभू योजनेचे पाणी सांगोल्यात पोचले ते या रेट्यामुळे. तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. आज सांगोल्याचे डाळिंब दूरदूरच्या बाजारात जाते.

कोणी म्हणेल, पाणी यायला किती वर्षे लागली? पुष्कळ लागली, हे मान्य. पण त्या पट्ट्यात सरकारपक्षाचे आमदारही होतेच की! त्यांच्या तालुक्यांनाही वर्षानुवर्षे वाटच पाहावी लागली. सरकारपक्षात बसल्याने पाणी लवकर येते हे कुठे सिद्ध झाले?

आता आपल्या घरचे पाहा. एके काळी गोमंतकात ‘विलीनीकरण’ या शब्दासाठी माणसे रस्त्यावर उतरत, बाजूनेही आणि विरुद्धही. आज हाच शब्द पक्षांतराच्या कायद्यात आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर नियम असा, की पक्षाचे दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ झाले, तर त्यांची आमदारकी जात नाही. आता हिशेब करा. मार्च २०१९ मध्ये मगोचे तिघांपैकी दोघे गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरांपैकी दहा गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अकरांपैकी आठ गेले. चौथीतला मुलगाही सांगेल की हे अपूर्णांकाचे गणित आहे. विकासाची तहान दरवेळी बरोबर दोन तृतीयांश आमदारांनाच कशी लागते?

जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात जाऊन शपथ घेतली होती, की निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. आठ महिन्यांत आठजण गेले. त्यांतल्या एकाने तर सांगितले की देवाला पुन्हा विचारले आणि देवाने संमती दिली. आमच्या देवस्थानी प्रसाद लावतात तो दहा माणसांसमोर. पाकळी उजवी पडली की डावी, हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहतात. हा प्रसाद कोणी पाहिला? देवाला साक्षीला बोलावून नंतर त्याच्याच नावावर खोटे खपवायचे, याला आमच्याकडे साधा शब्द आहे : पाप.

शेतकरी आणि मच्छीमार बांधवांनो, यात तुमचे काय गेले? फार गेले. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, रांपणकारांच्या लढ्यानंतर आलेला १९८० चा मासेमारी नियमन कायदा, हे सारे विधानसभेतच झाले. कायदा पाळला जातो की नाही, हेही तिथेच विचारायचे असते. एलईडी दिव्यांची मासेमारी २०१७ साली बंद झाली, तरी ती चोरून चालते अशी रांपणकारांची तक्रार आहे. मंत्र्याला जाब विचारायचा तो समोरच्या बाकावरच्या आमदाराने. चाळीसांच्या सभागृहात अकरांतले आठ मंत्र्यांच्या बाजूला जाऊन बसले, तर तुमचा प्रश्न मांडणार कोण? तुम्ही विचारणारा माणूस पाठवला होता, तो आता हात वर करणारा झाला.

आणि सांगोल्याचे पुढे काय झाले, तेही ऐका. २०१९ साली गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचा नातू उभा राहिला, तो ७६८ मतांनी पडला. म्हणजे घराण्याच्या नावावर तिथे मत मिळतेच असे नाही. निवडून आलेला शिवसेनेचा आमदार जून २०२२ मध्ये बंडखोरांबरोबर गुवाहाटीला गेला. तिथल्या झाडीचे, डोंगराचे आणि हॉटेलाचे त्याने फोनवरून केलेले वर्णन साऱ्या देशाने ऐकले. ती मंडळी परतताना उतरली कुठे? आपल्या गोव्यातल्या हॉटेलात! २०२४ साली सांगोल्याच्या मतदारांनी त्या आमदाराला घरी बसवले आणि शेकापचा उमेदवार, गणपतरावांचा दुसरा नातू, निवडून दिला.

आपण काय केले? २०१९ मध्ये उडी मारणाऱ्यांपैकी काहींना २०२२ साली पाडले, हे खरे. पण काहींना पुन्हा निवडूनही दिले! मग आमदाराला एकट्याला दोष कसा द्यावा? गणपतराव सांगोल्याने अकरा वेळा मत देऊन घडवले. जसे बी पेराल तसेच उगवणार.

तेव्हा पुढच्या खेपेला उमेदवार तुमच्या अंगणात येईल, तेव्हा त्याला देवाची शपथ घालू नका. बाकड्यावर बसवा आणि विचारा : गेल्या खेपेला कोणत्या चिन्हावर उभा होतास? सभागृहात आमच्या शेताबद्दल, होडीबद्दल किती प्रश्न विचारलेस? आणि हरलास तर पुढच्या वेळी याच पक्षातर्फे, याच अंगणात येशील काय? उत्तर देताना तो चाचरला, तर त्याला चहा द्या, मत देऊ नका.