शहर जवळ, बाजार दूर

मुळा-पवनेच्या संगमाजवळील दापोडी एके काळीं बागायती ज्ञानाचें स्थान होतें. मुंबई सरकारची वनस्पतिबाग १८२८ सालीं येथेंच निघाली. आज तेंच दापोडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतें व भाजी विकत घेऊन खातें. ती पिकविणारा मावळ, मुळशी व खेडचा शेतकरी कांहीं कोसांवरच आहे; परंतु दोघांची गांठ पडत नाहीं. शेती परवडेनाशी झाली म्हणजे जमिनीचे प्लॉट पडतात, व अशी जमीन पुन्हां नांगराखालीं येत नाहीं.

२०१६ सालीं राज्य सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून वगळला. तेव्हां थेट विक्रीस आतां अडचण कायद्याची नसून संघटनेची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मेथीच्या चार जुड्या घेऊन एकट्यानें शहर गांठणें परवडत नाहीं. दहा जणांनीं मिळून एक गाडी करावी, पाळीपाळीनें विक्रीस बसावें, वजन चोख ठेवावें व भाव फळ्यावर लिहावा. परततांना त्याच गाडींतून शहरांतील ओल्या कचऱ्याचें, कांच-प्लास्टिक निवडून काढलेलें खत आणावें. महानगरपालिकेकडे बाजारासाठीं जागा अवश्य मागावी. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र आपणच मिळविला पाहिजे.