रस्त्याचा मालक कोण? १८८८ च्या कायद्याचा विसरलेला अर्धा भाग

१/ मुंबईच्या रस्त्यांचा इतिहास म्हटला की नामांतरे आठवतात. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग. पाट्या बदलल्या, तरी एक मूलभूत प्रश्न उरतोच : रस्ता कोणाचा? प्रस्तुत धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/ कायदेशीर उत्तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात सापडते. फिरोजशहा मेहता यांचा या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. कलम २८९ नुसार सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे ‘निहित’ होतात आणि आयुक्तांच्या नियंत्रणाखाली राहतात. माझ्या वाचनानुसार पालिका येथे मालकापेक्षा विश्वस्त अधिक आहे. रस्ता लोकांच्या वहिवाटीसाठी तिच्या हाती सोपवलेला असतो.

३/ याच कायद्यातील एक विलक्षण साधन म्हणजे ‘रस्त्याची नियमित रेषा’ (कलम २९७). आयुक्त नकाशावर भविष्यातील रस्त्याची कड आखतात. जुनी इमारत लगेच पडत नाही. मात्र ती पुन्हा बांधताना मालकाला रेषेच्या मागे सरकावे लागते आणि सुटलेल्या जागेची भरपाई मिळते.

४/ जुन्या वस्तीत एक घर पुढे आलेले आणि शेजारचे चार हात मागे गेलेले दिसले, तर त्यामागे पुष्कळदा हीच रेषा असते. रस्ता रुंद करण्याची ही पद्धत संथ होती. एकेका रस्त्याला पिढ्या लागत.

५/ मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात त्याचे निदान केले. दाट वस्ती, कोंडलेली हवा आणि सांडपाणी यांकडे बोट दाखवले गेले. १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. आता संथ रेषेची जागा पहारीने घेतली.

६/ ट्रस्टच्या दृष्टीने रस्ता म्हणजे औषध होते. समुद्राचा वारा काळबादेवीच्या दाट वस्तीत पोहोचावा, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढण्यात आला. सँडहर्स्ट रोडने शहर आडवे छेदले. आजही आपण हे रस्ते वापरतो; त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

७/ परंतु आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्यांची बिऱ्हाडे मोडली, तितक्यांना नवी घरे दिली नाहीत. बेघर झालेले गरीब शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले. म्हणजे जी दाटी हटवायची होती, ती केवळ एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली.

८/ १९८१ मध्ये राज्य सरकारने पदपथवासीयांना हटवण्याचा निर्णय घेतला आणि त्यातून ‘ओल्गा टेलिस’ खटला उभा राहिला. कलम ३१४ नुसार पदपथावरील अतिक्रमण विनानोटीस काढता येते. १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात सामावलेला असल्याचे मान्य केले.

९/ त्याच निकालात पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, तेथे वस्तीचा हक्क नाही, हेही सांगितले. कलम ३१४ वैध ठरले. मात्र एरवी नोटीस द्यावी, अशी अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली. हा निकाल कोणत्याही एका बाजूचा संपूर्ण विजय नव्हता.

१०/ आता माझे मत. या कायद्याची दोन अंगे आहेत. एक अंग नागरिकाला सांगते : मागे सर, जागा सोड. दुसरे अंग पालिकेला सांगते : रस्त्याची देखभाल कर. दुरुस्ती चालू असताना कुंपण घालावे, रात्री दिवा लावावा, ज्याने रस्ता खोदला त्याने तो विनाविलंब पूर्ववत करावा, अशा तरतुदी याच कायद्यात आहेत.

११/ पहिल्या अंगाचा इतिहास गाजावाजाने लिहिला गेला. त्यात ट्रस्ट आहे, बुलडोझर आहे, खटले आहेत. दुसऱ्याचा इतिहास जवळजवळ नाहीच. रुंदीकरणाची कोनशिला बसते. बुजवलेल्या चराची कोणी बसवत नाही.

१२/ यावर आक्षेप येईल : अतिक्रमणे हटल्याशिवाय देखभाल कशी होणार? आक्षेप अंशतः खरा आहे. पण केबलसाठी खोदून उघडा ठेवलेला चर कोणत्या फेरीवाल्याने अडवला? आणि पदपथावर चढवलेली मोटार अतिक्रमण का वाटत नाही? जो दुबळा, त्याचाच अडथळा आपल्याला आधी दिसतो.

१३/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याकडे पाहताना त्याची रुंदी मोजून थांबू नये. त्यावरून वृद्ध माणूस, शाळकरी मूल, हातगाडी ओढणारा मजूर निर्धोकपणे जाऊ शकतो का, हे पाहावे. विश्वस्ताची परीक्षा तिथेच होते.

आपल्या गावात असा ‘रेषेने’ मागे सरकलेला एखादा वाडा किंवा चाळ असेल, तर खाली अवश्य नोंदवा.