एसटीचा तोटा : दोन खाती, दोन जबाबदार

प्रति,
मा. परिवहन मंत्री व मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

सन्माननीय महोदय,

जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेनुसार महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा संचित तोटा, म्हणजे वर्षानुवर्षे भरून न निघालेल्या तुटीची बेरीज, दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. हा आकडा गंभीर आहेच. परंतु त्यात मिसळलेल्या दोन वेगळ्या तुटी निवडून बाजूला काढल्याखेरीज कोणताही उपाय लागू पडणार नाही.

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम १८ पुरेशा आणि कार्यक्षम सेवेचे कर्तव्य सांगते, तर कलम २२ व्यावसायिक तत्त्वांनी कारभार करण्यास सांगते. मुक्कामी गाडीत ही दोन्ही कलमे समोरासमोर येतात. चालक-वाहक रात्री गावातच मुक्काम करतात आणि पहाटे शाळा-कॉलेजच्या मुली, बाजाराला निघालेल्या बाया, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे म्हातारे यांना घेऊन निघतात. अशा फेरीचे भारमान, म्हणजे एकूण आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, कमी राहिले, तरी ती बंद करणे म्हणजे त्या गावातल्या मुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबवणे होय. ही तूट सेवेची किंमत आहे आणि ती सरकारी तिजोरीनेच उचलली पाहिजे. याउलट नादुरुस्त गाड्या, रेंगाळलेली खरेदी आणि आगारातील गैरव्यवस्था यांतून होणारा तोटा कारभाराचा आहे आणि त्याचा जाब महामंडळालाच द्यावा लागेल.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास देण्याचा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र या सवलतींची प्रतिपूर्ती, म्हणजे माफ केलेल्या भाड्याची शासनाकडून होणारी भरपाई, रखडली की पगाराची तारीख पुढे जाते आणि वेतनातून कापलेल्या भविष्य निर्वाह निधीचा भरणाही लांबतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप राज्याने पाहिला आहे. महामंडळ राज्य शासनात विलीन करण्याच्या त्या संपातील मागणीवर मतभेद असू शकतात. परंतु शासनाने जाहीर केलेल्या सवलतीचा भार वाहकाच्या घरखर्चावर पडू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

म्हणून सवलतींची रक्कम दरमहा आगाऊ द्यावी, तोट्यातील आवश्यक फेऱ्यांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, तिकिटावरील १७.५ टक्के प्रवासी कराचा फेरविचार व्हावा आणि आगारनिहाय हिशेब दरवर्षी जनतेपुढे ठेवावा, ही नम्र विनंती आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या हाती वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो, तेव्हा त्या प्रवासाची नोंद यंत्रात त्याच क्षणी होते. ज्या देण्याची नोंद इतक्या तत्परतेने होते, ते चुकते करण्यात दिरंगाई शोभत नाही.

कळावे.

एसटीच्या प्रवासी जनतेच्या वतीने