मदतीचे विमान आणि दात्यांची मर्जी

युद्धग्रस्त देशांत मदतकार्य करणाऱ्यांना विमानाने नेण्या-आणण्यावर एवढा पैसा कशाला, त्यात धान्य नाही का पोहोचणार, असा प्रश्न आपल्या चळवळीतले मित्रही विचारतात. गोऱ्या साहेबांच्या चैनीविषयीचा जुना राग त्यामागे आहे आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु दक्षिण सुदानमध्ये हा आक्षेप टिकत नाही. पावसाळ्यात तेथील काळ्या चिकण मातीचे रस्ते महिनोन्महिने चिखलात बुडालेले असतात. उन्हाळ्यात रस्ता सुकला तरी तो सुरक्षित नसतो. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या वाहनतांड्यावर हल्ला झाला. त्याच्या रक्षणासाठी असलेले पाच भारतीय जवान त्यात मारले गेले. सशस्त्र पहाऱ्याची ही गत, तर लशींची पेटी घेऊन निघालेल्या परिचारिकेने कोणाच्या भरवशावर जावे?

व्यापारी विमाने जेथे जात नाहीत तेथे जाणारी संयुक्त राष्ट्रांची मानवतावादी हवाई सेवा म्हणूनच आवश्यक ठरते. जागतिक अन्न कार्यक्रम ती चालवतो. भाड्याने घेतलेली छोटी विमाने व हेलिकॉप्टरे वर्षाकाठी तीन लाखांहून अधिक कार्यकर्ते वाहून नेतात, औषधे पोहोचवतात, जखमी कार्यकर्त्यांना बाहेर काढतात.

पण आकाशालाही मालक असतात. १९८९ पासून सुदानच्या दक्षिण भागात मोठी मदत-मोहीम चालू होती. केनियातील लोकिचोगिओ येथून विमाने उडत. मात्र प्रत्येक उड्डाणाला खार्टूम सरकारची संमती लागे. १९९८ च्या आरंभी बहर अल् गझल प्रांतात दुष्काळ पसरत असता नेमक्या त्याच वेळी सरकारने सुमारे दोन महिने उड्डाणे रोखली. त्या दुष्काळात हजारो माणसे मेली. बंदुकीची एकही गोळी न झाडता माणसे मारण्याचा हा प्रकार होता, आणि त्याला परवाना-पद्धती असे सभ्य नाव होते!

आता नाकेबंदीचे दुसरे टोक दात्यांच्या राजधान्यांत आहे. ही हवाई सेवा बव्हंशी ऐच्छिक देणग्यांवर आणि थोड्याफार भाड्यावर जगते. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेश-साहाय्य संस्था मोडीत काढली, अन्य श्रीमंत राष्ट्रांनीही हात आखडता घेतला. जुलैअखेर नायजेरियातील या सेवेची विमाने पैशाअभावी थांबली. पुढील सहा महिन्यांसाठी हवे होते ५४ लाख डॉलर. २०२४ साली जगाने लष्करावर केलेला खर्च २.७ लाख कोटी डॉलरांच्या घरात होता. हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर टंचाई पैशाची आहे असे कोण म्हणेल?

शांतिसेनेचा खर्च सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक वर्गणी म्हणून बसवला जातो. सैनिकासाठी वर्गणी आणि परिचारिकेसाठी भिक्षा, हा भेद कोणत्या न्यायाने? हवाई सेवेचा किमान खर्च तशाच वर्गणीतून भागवावा, असा ठराव भारताने आमसभेत मांडावयास हवा. तिसऱ्या जगाचे नेतृत्व केल्याचा वारसा सांगणाऱ्या देशाला एवढे अवघड नाही.

मात्र त्या ठरावात एक कलम विसरता कामा नये. २०२४ साली जगभर ३८३ मदत-कार्यकर्ते मारले गेले. त्यांतील बहुसंख्य त्या त्या देशातलेच होते. एप्रिल २०२३ मध्ये खार्टूममध्ये युद्ध पेटले तेव्हा परदेशी नागरिकांना न्यायला विमाने आली, आणि त्यांच्याच कचेऱ्यांत काम करणारे सुदानी कर्मचारी मागे राहिले. संकटकाळी कोणाला आधी हलवायचे याची यादी पारपत्राचा रंग पाहून होता कामा नये. स्थानिक चालक, दुभाषा, परिचारिका आणि त्यांची मुलेबाळे यांची नावे त्याच यादीत, त्याच क्रमाने असली पाहिजेत.