हाफ तिकिटानं एसटी बुडाली की तरली?

मंडळी, बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर दोनच मतं ऐकू येतात. एक, "बायकांना हाफ तिकीट दिलं आणि एसटी बुडवली." दुसरं, "हाफ तिकिटामुळंच एसटी नफ्यात आली." दोन्ही मतं अर्धी खरी आहेत, म्हणून जरा हिशोब मांडू.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत सुरू झाली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत झाला होता. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात प्रवासी काळीपिवळीकडं गेला होता, तो परत आणायचा होता.

आता समजा, अंबडहून निघालेल्या गाडीत ४४ सीटा आहेत आणि तिकीट ४० रुपये. गाडीत २० माणसं, त्यात ८ बाया. जमा झाले ८०० रुपये. हाफ तिकीट झाल्यावर आणखी २० बाया आल्या. आता १२ पुरुषांचे ४८० आणि २८ बायांचे ५६०, एकूण १,०४० रुपये. डिझेल जवळपास तेवढंच, ड्रायव्हर-कंडक्टर तेच. भाव कमी केला आणि गल्ला वाढला. वर सरकारकडून बायांच्या तिकिटाचे उरलेले ५६० यायचे ते वेगळेच.

पण हीच गाडी आधीपासून फुल असती तर? ४४ जणांत २२ बाया धरा. आधी १,७६० रुपये यायचे, आता १,३२० येतात. जागाच नाही, तर नवा प्रवासी बसणार कुठं? उरलेले ४४० सरकारनं दिले तरच हिशोब जुळतो.

म्हणजे भाव उतरवून नफा होतो, पण दोन अटींवर. माल पडून असला पाहिजे, इथं रिकामी सीट. नाहीतर कमी घेतलेला पैसा भरून देणारा दुसरा कुणीतरी पक्का पाहिजे. सोनी कंपनीनं २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हे गेमचं यंत्र बनवायच्या खर्चापेक्षाही कमी भावात विकलं. तोटा पुढं गेमच्या विक्रीतून काढू, हा हिशोब. तरी पहिल्या वर्षी त्यांच्या गेम विभागाला मोठा फटका बसलाच, कारण तोटा आज होतो आणि भरपाई उद्या येते. एसटीची ती 'उद्याची भरपाई' मंत्रालयातून येते. खरी मेख तिथंच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये एसटीला १६ कोटी ८६ लाखांचा नफा झाला. ३१ पैकी २० विभाग नफ्यात होते आणि आपला जालना विभाग ३ कोटी ३४ लाखांसह आघाडीवर होता. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्या महिन्यात राखी पौर्णिमा होती, गाड्या खच्चून भरल्या होत्या, हेही ध्यानात ठेवा.

पाचच महिन्यांनी, २५ जानेवारी २०२५ पासून, १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. फेब्रुवारीत परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की सवलतींमुळं रोज ३ कोटींचा तोटा होतो. ओरड झाली, मग सवलत बंद होणार नाही असा खुलासा आला. एप्रिलमध्ये कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा ५६ टक्केच पगार पडला, कारण सरकारकडून पूर्ण पैसे आले नव्हते. जूनमध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली. संचित तोटा १० हजार कोटींच्या वर.

आता सांगा, हा तोटा शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईनं केला का? तिनं तिच्या वाटचं तिकीट काढलंय. उरलेलं अर्धं सरकारनं काढायचं कबूल केलंय. ते पैसे उशिरा आले तर थकबाकीदार सरकार आहे, ती बाई नाही. भाडं वाढलं तेव्हा तिचा अर्धा हिस्साही वाढला, तो तर ती जागेवरच रोख मोजते.

सवलत राहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजला जाणारी पोरगी, दवाखान्यात निघालेली म्हातारी, माहेरी जाणारी लेक घराबाहेर पडली, हा फायदा गल्ल्यात दिसत नाही. पण नुसती सवलत देऊन भागत नाही. गाडीच आली नाही तर हाफ तिकीट काय कामाचं? गोंदी, सुखापुरी, रोहिलागडच्या बाईला फेरी मिळाली नाही, तर ती पूर्ण पैसे देऊन काळीपिवळीतच बसणार.

म्हणून मागण्या तीनच:

१) सवलतीचे किती येणं होतं आणि किती आलं, याचा महिन्याचा फलक प्रत्येक आगारात लावा. अंबडपासून सुरुवात करा.

२) प्रतिपूर्तीची तारीख ठरवा. पगार त्यावर अडता कामा नये.

३) राज्यात २,६४० नव्या लालपरी घ्यायचं ठरलंय. त्यातल्या अंबड आगाराला किती, हे लोकप्रतिनिधींनी जाहीर सांगावं. गाडी वाढली तरच सीट वाढेल आणि सीट वाढली तरच स्वस्त तिकीट नफ्यात जाईल.

तुमच्या गावची कोणती फेरी बंद आहे किंवा वेळेवर येत नाही, ते खाली लिहा. गावाचं नाव आणि वेळ टाका. यादी करून आगारप्रमुखांना देऊ.