गुलमर्गचें पंचांग

आमच्या पिंपळगांव राजास हिम पडत नाहीं. आभाळांतून गोठलेलें पाणी येथें उतरतें तें गारांच्या रूपानें, आणि तेंही बहुधा हरभरा सोंगणीस आलेला व गहूं ओंबीवर असतां, म्हणजे नेमकें नको तेव्हां. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा गांवच्या ओसरीवर बसून, कोणीं हिमावरून घसरत यावें कीं न यावें याचा निवाडा करण्याची पाळी आमच्यावर येईल, असें आम्हांस कधींच वाटलें नव्हतें. आमच्या जिल्ह्यांत भेंडवळास अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं घट मांडतात व दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यावरून वर्षाच्या पाऊसपाण्याचें भाकीत सांगतात. पण त्या घटांतही हा प्रश्न कोणी घातला नसेल.

आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा मुलगा पुण्यास अभियंता आहे. गेल्या माघांत तो मित्रांसह काश्मिरांत गुलमर्ग येथें स्कीइंग शिकण्यास गेला. पायांस लांब पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत येण्याचा हा खेळ. वहिनींस तो मुळींच पसंत नव्हता. "भाऊजी, तेथली हवा कशी असते तें तुम्ही नीट वाचून ठेवा," असें सांगून त्यांनीं आपली काळजी आमच्या गळ्यांत घातली. आम्हीं आठ दिवस तोच अभ्यास केला.

पांचव्या दिवशीं सकाळीं दूरध्वनि आला. "काका, दोन दिवस सारखें हिम पडत होतें, खोलींत कोंडून बसलों होतों. आज आभाळ अगदीं स्वच्छ आहे, ऊन लखलखीत पडलें आहे. आतां गोंडोल्यानें थेट अफरवटावर जातों आणि तेथून खालीं येतों." वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली. घरांत सर्वांस हायसें वाटलें. आमच्या मात्र पोटांत गोळा आला.

मैदानांत राहणाऱ्या माणसाची हवेविषयींची समजूत अशी कीं, वादळ आलें म्हणजे संकट आणि ऊन पडलें म्हणजे संकट टळलें. गार पडते, पिकाचें वाटोळें करते आणि घटकाभरांत विरघळून जाते. पर्वतावरचें हिम कोठें जात नाहीं. तें साठतें, व त्याचा हिशेब वादळ ओसरल्यावर सुरू होतो. मोठ्या हिमपाताच्या वेळीं व त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत हिमस्खलनाचें भय सर्वांत अधिक असतें. म्हणजे खेळाडूस जी सकाळ सर्वांत मोहक वाटते, तीच बहुधा सर्वांत कपटी.

अमरकोशांतील तुषार, हिम, नीहार, प्रालेय, तुहिन हे शब्द आम्हीं लहानपणीं घोकले आणि पुढें तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतले. साठलेल्या हिमास तेथें 'हिमानी' असा निराळा शब्द आहे. तो निराळा कां, हें मात्र आम्हांस साठी उलटल्यावर समजलें.

हिमानी एकजीव नसते. प्रत्येक हिमपाताचा तिच्यांत एक थर असतो. आमच्या लहानपणीं घरांत सारवलेल्या भुया होत्या. खालचा थर भुसभुशीत राहिला असला तर वरून कितीही जाड सारवा, पाय पडतांच पोपडा सुटे. हिमाचेंही तसेंच. कडक थंडीच्या निरभ्र रात्रींत जुन्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात, आणि त्यांवर वाऱ्यानें लोटलेल्या नव्या हिमाची लादी बसते. वारा हिम कोठें नेऊन टाकतो हें खळें पाहिलेल्या माणसास सांगावयास नको: उपणतांना भूस वाऱ्याच्या पलीकडल्या अंगास पडतें, तसा कड्याच्या आडोशास हिमाचा ढीग होतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, तर एका माणसाच्या भारानेंही ती लादी फुटते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढला तर बरें. पुढें आशा झपाट्यानें मावळते. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं याच अफरवटावर पोलंडचे दोघे दगावले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं गुलमर्गांतच एक रशियन. विदर्भासही हें दुःख परकें नाहीं. जानेवारी २०१७ मध्यें गुरेझच्या हिमस्खलनांत आपल्याकडचे जवान गेले.

काश्मिरी लोकांचें हिवाळ्याचें स्वतंत्र गणित आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. आपल्या मृग-आर्द्रांचीच भावंडें म्हणावींत. पण मृग कोरडा जातो तसे हे दिवसही कोरडे जातात. जानेवारी २०२४ मध्यें गुलमर्गचीं मैदानें उघडीं पडलीं होतीं, आणि २०२५ मध्यें हिमाअभावीं तेथील हिवाळी स्पर्धा फेब्रुवारींतून मार्चांत ढकलाव्या लागल्या. शिवाय गुलमर्ग सुमारें २,६५० मीटर उंचीवर आणि गोंडोल्याचा वरचा टप्पा सुमारें ३,९५० मीटरांवर. हजार मीटर चढलें कीं उष्णता साधारण साडेसहा अंशांनीं उतरते. खालच्या खोलीच्या खिडकींतून वरच्या हवेची परीक्षा करणें म्हणजे माजघरांत बसून मळ्यांतला ओलावा सांगण्यासारखेंच आहे.

आम्हीं पुतण्यास विचारलें, "अरे, हिम किती पडलें? वारा कोणत्या अंगानें होता? आजचा हिमस्खलनाचा इशारा कितव्या पायरीचा? वरचे उतार तपासून खुले केले आहेत काय?" त्यास एकाचेंही उत्तर देतां येईना. "काका, गोंडोला चालूं आहे, मग झालें तर!" आम्हीं म्हटलें, "बाबा, गोंडोला चालूं आहे म्हणजे दोर ठीक आहे. डोंगराची हमी दोर कशी देईल?" पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

तो त्या दिवशीं खालच्या, शिकाऊ मंडळींच्या सौम्य उतारावर राहिला. संध्याकाळीं पुन्हां दूरध्वनि आला. "काका, वर पुष्कळ लोक गेले, आणि सगळे सुखरूप परत आले." स्वर रुसलेला होता. आम्हांस त्यावर कांहीं उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "जेवलास कां?"

तिसऱ्या दिवशीं इशारा उतरला. तेथला माहीतगार वाटाड्या बरोबर घेऊन तो वर गेला व आनंदानें खालीं आला. त्यानेंच कळविलें कीं पश्चिमेकडून पुन्हां ढग येऊं लागले आहेत. भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघणारे हे पश्चिमी विक्षोभच काश्मिरांत हिम पाडतात, आणि त्यांचें शेपूट दक्षिणेकडे वळून दमट वाऱ्यास भेटलें कीं आमच्याकडे गारा पडतात. आमचा हरभरा सोंगून गंजी लागलेली होती. आम्हीं ताडपत्री काढविली, आणि वहिनींनीं दोऱ्या शोधून दिल्या.