किटी जेनोव्हीज : अडतीस साक्षीदारांआड हरवलेली तरुणी

१/ १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा खून झाला. ‘अडतीस शेजारी खिडकीतून पाहत राहिले, कोणीही धावले नाही’ ही कथा त्यानंतर जगभर पसरली. माझ्या मते या कथेने इतिहासावर अन्याय केला आणि खुद्द किटीवर त्याहून मोठा.

२/ कथेचा उगम पाहू. खुनानंतर दोन आठवड्यांनी, २७ मार्चला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. अडतीस हा आकडा संपादक रोझेन्थाल यांना पोलीस आयुक्तांनी एका भोजनप्रसंगी सांगितला होता. त्याच वर्षी रोझेन्थाल यांचे याच आकड्याच्या नावाचे पुस्तकही निघाले.

३/ प्रत्यक्षात काय घडले? हल्ले तीन नव्हे, दोन झाले. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एका शेजाऱ्याने खिडकीतून दरडावले आणि हल्लेखोर पळाला. दुसरा हल्ला इमारतीच्या मागील दारातील जिन्यापाशी, बहुतेकांच्या दृष्टीआड झाला. अनेकांनी केवळ आरडाओरडा ऐकला होता. आणीबाणीचा ९११ हा क्रमांकही तेव्हा नव्हता. अमेरिकेत तो १९६८ मध्ये सुरू झाला.

४/ आणि एक शेजारीण धावलीही. हल्लेखोर गेला की तिथेच आहे हे ठाऊक नसताना सोफिया फरार खाली उतरल्या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी किटीला कवेत धरून ठेवले होते. गाजलेल्या बातमीत हा प्रसंग नव्हता.

५/ काही जणांनी ऐकून दुर्लक्ष केले, हेही खरे. ते झाकण्याचे कारण नाही. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांनी प्रयोगांतून दाखवले की, भोवती इतर माणसे आहेत असे वाटले की मदतीला पुढे होण्याची शक्यता घटते. हे संशोधन मोलाचे आहे. मात्र एखादा सिद्धान्त उपयुक्त ठरला म्हणून त्यामागची दंतकथा सत्य ठरत नाही. २०१६ मध्ये ‘टाइम्स’नेही आपले वृत्त सदोष असल्याचे मान्य केले.

६/ आता किटीविषयी. जन्म १९३५, ब्रुकलिनमधील इटालियन वंशाचे कुटुंब, पाच भावंडांत थोरली. आईवडील कनेटिकटला गेले. ती मात्र शहरातच राहिली. एका बारची व्यवस्थापक म्हणून ती काम करी, लाल फियाट चालवी, स्वतःचे इटालियन उपाहारगृह काढण्याचे स्वप्न पाही. तिचे एका तरुणीवर प्रेम होते आणि दोघी एकत्र राहत. त्या काळी हे उघडपणे सांगणे अशक्यच होते. म्हणून त्या जोडीदाराचा शोकही जगासमोर आला नाही.

७/ तिचे सर्वपरिचित छायाचित्रदेखील पोलिसांचेच! १९६१ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांच्या किरकोळ प्रकरणात तिला अटक झाली होती, तेव्हाचे ते आहे. म्हणजे तिचा चेहराही आपल्यापर्यंत गुन्ह्याच्या कागदपत्रांतूनच पोहोचला.

८/ पुढे तिचा भाऊ विल्यम याने वर्षानुवर्षे साक्षीदारांना शोधून ही कथा तपासली. ‘द विटनेस’ हा माहितीपट त्यातूनच साकारला. बहिणीचा मृत्यू कसा झाला, याइतकीच ती जगली कशी, याचीही त्याला ओढ होती.

९/ इतिहासाच्या अभ्यासकांनी हीच ओढ जपावी, असे मला वाटते. गुन्ह्याची साधने मृत्यूच्या अर्ध्या तासाविषयी विपुल बोलतात आणि आधीच्या अठ्ठावीस वर्षांविषयी गप्प राहतात. एखाद्या स्त्रीचे नाव केवळ ‘प्रकरण’ म्हणून समोर आले, तर आकडा कोणी दिला हे जरूर विचारा. आणि ती कोण होती, हे त्याहून आधी विचारा.